कतायूनची कुंडली

मुलींच्या नावांपैकी सध्या कोणते नाव जोरात आहे, याची इराणातली एक फार जुनी बातमी सुमारे २३०० वर्षांपूर्वीची आहे आणि ती दिली आहे दारावरच्या एका माणसाने. त्याचे नाव खारेस. गाव मायटिलीनी, नोकरी सिकंदराकडे. राजाला भेटायला आलेल्यांपैकी कोणाला आत सोडायचे आणि कोणाला बाहेर बसवायचे, हे काम त्याच्याकडे होते. अशा माणसाला जे कळते ते सेनापतीलाही कळत नाही, हे सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही सांगायला नको. खारेसने सिकंदराच्या हकिकती लिहिल्या. ते पुस्तक गडप झाले. पण त्यानंतर पाचएकशे वर्षांनी अथिनेयस नावाच्या ग्रीक लेखकाने मेजवानीतल्या गप्पांचा एक अवाढव्य ग्रंथ लिहिला, आणि त्यातल्या मासे, मद्य आणि लफड्यांच्या गर्दीत खारेसचा एक उतारा कसाबसा तगला. खारेस म्हणतो, आशियातल्या या लोकांना ओडाटिस नावाच्या राजकन्येच्या प्रेमकथेचे एवढे वेड आहे की देवळांत, राजवाड्यांत, अगदी राहत्या घरांतही ते तिची चित्रे काढतात. आणि बहुतेक बडी मंडळी आपल्या मुलींची नावे ओडाटिसच ठेवतात.

म्हणजे तेव्हाच्या एखाद्या हवेलीच्या अंगणात कोणी ‘ओडाटिस’ अशी हाक मारली की चार पोरी तरी धावत येत असणार. आज सबंध तेहरानात ती हाक मारून पाहा. कोणी खिडकीसुद्धा उघडणार नाही.

कथा अशी. डॉन नदीच्या पलीकडे होमार्टेस नावाचा राजा होता. त्याच्या प्रजेचे नाव ग्रीक मजकुरात ‘मराथी’ असे येते. (थांबा. हे वाक्य कापून कोणाला पुढे पाठवू नका. डॉन नदी रशियात आहे आणि त्या जमातीचा आपल्याशी काडीचाही संबंध नाही. तरीही आठवडाभरात ते हात जोडलेल्या चित्रांसकट मलाच परत येईल, याची मला खात्री आहे.) होमार्टेसची मुलगी ओडाटिस. तिने आणि इराणच्या झरियाद्रेस नावाच्या राजपुत्राने एकमेकांना स्वप्नात पाहिले आणि दोघे प्रेमात पडले. राजपुत्राने रीतसर मागणी घातली. बाप नाही म्हणाला, कारण त्याला जावई नात्यागोत्यातलाच हवा होता. त्याने मेजवानी ठेवली, मुलीच्या हातात सोन्याचा पेला दिला आणि सांगितले, तुला जो पसंत असेल त्याला हा भरून दे. पोरगी रडत, मुद्दाम वेळ काढत पेला भरत राहिली. तेवढ्यात ८०० स्टेडिया, म्हणजे पुणे-मुंबईएवढे अंतर, रथ दामटत तो आलाच. वेष बदललेला. तिने पेला त्याच्या हातात दिला आणि दोघे पसार झाले. बापाने नोकरांना विचारले, मुलगी कुठे गेली? नोकरांना सगळे ठाऊक होते. त्यांनी सांगितले, आम्ही नाही बघितली. मला या कथेत सगळ्यात आवडतात ते हे नोकर.

एवढे जुने उकरायची वेळ माझ्यावर आली ती शेजारच्या सूनबाईंमुळे. त्यांना मुलगी झाली. गुरुजींनी पत्रिका मांडली आणि मिथुन रास, आर्द्रा नक्षत्र, तिसरा चरण असे सांगून अक्षर दिले ‘ङ’. आता ‘ङ’वरून नाव काय ठेवणार? हे अक्षर शाळा सुटल्यापासून माणसाच्या आयुष्यात पुन्हा येते ते असे पत्रिकेतच. गुरुजीही भले माणूस. म्हणाले, राशीतले कोणतेही चालेल, ‘क’ घ्या. ‘क’ म्हटल्यावर काव्या आली, कियारा आली, केया आली. पण आमच्या सोसायटीत दोन काव्या आहेत, आणि कियारा नावाची सी विंगमध्ये एक मुलगी आणि ए विंगमध्ये एक लॅब्रेडोर आहे. सूनबाईंना नाव हवे होते ते कोणाचेच नसलेले. तेव्हा त्या रात्री जागून कुठल्याशा यादीतून एक नाव घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, “काकू, तुम्ही पेपरात लिहिता ना? मग हे बघा. कतायून. मूळ पर्शियन, अर्थ जगाची राणी, लोकप्रियता दुर्मिळ.”

अशा याद्या मी पूर्वीही पाहिल्या आहेत. त्यांतले प्रत्येक फारसी नाव राजकन्या तरी असते, चांदणे तरी किंवा अत्तर तरी. इराणात गेल्या अडीच हजार वर्षांत कोणी मुलीला नुसते ‘चौथी’ किंवा ‘पुरे’ म्हटले नसेल, यावर माझा विश्वास नाही. म्हणून मी सूनबाईंना म्हटले, “अगं, स्थळ बघताना आपण चौकशी करतो, मग नावाची का नको? मुलीचं नाव म्हणजे जन्माची गाठ.” त्यांनी मान डोलावली आणि मी चौकशीला लागले.

तर कतायून ही ओडाटिसच. तेराशे वर्षांनंतरची. फिरदौसीने १०१० साली पुरा केलेल्या शाहनाम्यात ती रूमच्या, म्हणजे बायझंटियमच्या कैसराची थोरली लेक आहे. स्वप्न तेच, परका राजपुत्र तोच, भर दरबारात वर निवडणेही तेच. फक्त नवरा बदलला. ज्या झरियाद्रेसची ही मूळ कथा, तो शाहनाम्यात झरीर म्हणून येतो आणि बाजूला उभा राहतो. त्याचे स्वप्न, त्याची बायको, त्याचा सगळा रोमान्स थोरल्या भावाच्या, गुश्तास्पच्या नावावर चढला आहे. सातबाऱ्यावरून धाकट्याचे नाव कसे उडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

हा गुश्तास्प मोठा नग आहे. बापाने जिवंतपणी गादी दिली नाही म्हणून रुसून घर सोडले आणि अखेर रूमला गेला. खिसा रिकामा, अंगात राजरक्त, हाताला काम नाही. आधी कैसराच्या दफ्तरात गेला आणि म्हणाला, मी लिहू शकतो, कारकुनी द्या. कारकुनांनी त्याचे दंड पाहिले आणि एकमेकांकडे पाहिले. या हातात आमची लेखणी टिकायची नाही, असे म्हणून वाटेला लावले. मग घोड्यांच्या कळपावर गेला. तिथला मुख्य म्हणाला, परक्या माणसाच्या हाती मोकळा कळप कसा देऊ? उंटवाल्यांनी मात्र जेवायला घातले आणि सांगितले, बाबा रे, तू राजवाड्यात शोभशील, इथे काय करतोस? म्हणजे मुलाखतीत सांगतात तेच, की तुमची पात्रता आमच्या जागेपेक्षा जास्त आहे. शेवटी बुराब नावाच्या लोहाराकडे लागला. हा बुराब कैसराच्या घोड्यांना नाल ठोकणारा, मोठा कारखानदार, हाताखाली पुष्कळ पोरे. त्याने गुश्तास्पच्या हातात घण दिला. गुश्तास्पने एकच घाव घातला आणि ऐरण दुभंगली. बुराबने कपाळावर हात मारला. त्या दिवशीची मजुरी तर सोडाच, बाजारभर बोभाटा झाला. गुश्तास्प घण टाकून निघाला तो उपाशीच. एका झाडाखाली नशिबाला बोल लावत बसला असताना गावातल्या एका खानदानी माणसाला त्याची दया आली आणि त्याने त्याला घरी नेले.

आमच्या सूनबाईंनी हा भाग ऐकताना पहिल्यांदा विचारले, “म्हणजे नवरा बेकार होता?” मी म्हटले, “तूर्तास.”

आता कैसराकडची रीत अशी, की मुलगी उपवर झाली की मोठमोठ्या घरातले पुरुष राजवाड्यात बोलवायचे आणि तिने त्यातला एक निवडायचा. स्वयंवरच. कतायूनने पहिल्या बैठकीतले सगळे मानकरी पाहिले आणि परत आत गेली. एकही पसंत नाही. कैसराने मग दुसरी बैठक घेतली, जरा खालच्या पायरीवरची, आणि त्या बैठकीला हा आश्रित गुश्तास्प यजमानाबरोबर नुसता बघायला म्हणून आला होता. ती सरळ त्याच्यापुढे गेली आणि मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला.

कैसर संतापला. दोघांचीही मुंडकी उडवा म्हणाला. तिथे एक बिशप होता, त्याने फार सुरेख कायदा दाखवला. तो म्हणाला, महाराज, आपण मुलीला जोडीदार शोध म्हणालात. रूमचा कोणी सरदारच शोध, असे कुठे म्हणालात? रीत आपल्याच वाडवडिलांची. यावर कैसराला उत्तर सुचले नाही. ‘तुला हवा तो निवड’ असे म्हणणाऱ्या पुष्कळ बापांच्या मनात पुढचे वाक्य असते, ते बोलून न दाखवल्याने अशी पंचाईत होते. शेवटी त्याने मुलगी दिली. पण हुंडा नाही, दागिना नाही, दासी नाही. जा म्हणाला. दोघे त्या गावात आले. कतायूनने अंगावरचे एक रत्न विकून संसार मांडला. गुश्तास्पने तिला विचारले, एवढ्या राजेरजवाड्यांत मी भणंगच कसा सापडलो तुला? तिने सांगितले, मी तुझ्यावर समाधानी आहे, मग तू मुकुटाची हाव कशाला धरतोस? शाहनाम्यातले हे सर्वांत शहाणे वाक्य त्यातल्या सर्वांत हावऱ्या माणसाला ऐकवलेले आहे. त्याच्या एका कानातून ते आत गेले आणि दुसऱ्यातून बाहेर पडले.

पुढे कैसराने धडा घेतला. धाकट्या दोन मुलींच्या बाबतीत निवडीबिवडीची भानगड ठेवली नाही. एकाला अट घातली लांडगा मार, दुसऱ्याला सांगितले डोंगरावरचा अजगर मार. दोन्ही होतकरू जावयांनी चौकशी करून गुपचूप गुश्तास्पलाच गाठले. त्याने लांडगा मारला, अजगर मारला, श्रेय त्यांना देऊन टाकले. तिन्ही जावई प्रत्यक्षात एकाच माणसाच्या कर्तबगारीवर आले. कैसराला संशय आला तेव्हा त्याने कतायूनला विचारले, तुझा नवरा मूळचा कोण? ती म्हणाली, मला सांगत नाही. फर्रुखजाद म्हणवतो. लग्नाला एवढे दिवस होऊनही बाईला नवऱ्याचे खरे नाव ठाऊक नव्हते.

आणि तिचे स्वतःचे नाव? इथे मला खरा खजिना सापडला. फिरदौसीच्या आधी दकीकी नावाच्या तरुण कवीने शाहनामा लिहायला घेतला होता. गुश्तास्पाच्या राज्याची हजारएक कडवी झाली आणि त्याच्याच गुलामाने त्याचा खून केला. फिरदौसीने ती कडवी आपल्या ग्रंथात जशीच्या तशी घेतली, आणि वर ती कशी कमअस्सल आहेत तेही लिहून ठेवले. संपादक असावा तर असा. तर दकीकी सांगतो, की कैसराच्या या मुलीचे नाव होते नाहीद. कतायून म्हणायचा तो राजा, म्हणजे तिचा नवरा. नाहीद म्हणजे जुनी अनाहिता, पाण्याची देवी. आकाशातल्या शुक्रालाही इराणी लोक नाहीदच म्हणतात. माहेरचे नाव नाहीद, सासरचे कतायून. स्वतःचे नाव लपवणाऱ्या नवऱ्याने बायकोचे मात्र बदलून घेतले.

हे ऐकल्यावर सूनबाई जरा गप्प झाल्या. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून, अंगठीने त्यात नवे नाव लिहितात, तो फोटो त्यांच्या अल्बमात आहे. त्यांना दोन नावे आहेत, एक आधार कार्डावरचे आणि एक तांदळातले. सासरी तांदळातले चालते. बँकेत, ऑफिसात आणि पासपोर्टावर पहिले. दोन्ही नावे चांगली आहेत, पण पहिल्या नावाने हाक मारली की त्या लवकर वळतात, असे माझे निरीक्षण आहे.

कतायूनच्या आयुष्यातला तिसरा पुरुष तिचा मुलगा, इस्फंदियार. अंगावर शस्त्र न चालणारा, फक्त डोळे तेवढे कच्चे. बाप त्याला गादी कबूल करायचा आणि दर वेळी नवी कामगिरी काढायचा. अखेरची कामगिरी म्हणजे म्हाताऱ्या रुस्तुमाला हात बांधून दरबारात आण. आईने कळवळून सांगितले, जाऊ नकोस. मुलाने उत्तर दिले, की बायकांना मनातले सांगू नये म्हणतात ते खोटे नाही. गेला, आणि रुस्तुमाने सीमुर्ग पक्ष्याच्या सल्ल्याने झाऊच्या लाकडाचा बाण नेमका डोळ्यांत मारला. बाप घालवून देतो, नवरा खरे सांगत नाही, मुलगा ऐकत नाही. यादीत याला ‘जगाची राणी’ म्हणतात.

या अर्थाचेही मी थोडे खणले. काही पुस्तके तिला घराची मालकीण म्हणतात. फारसीत ‘कद’ म्हणजे घर. गझलांतून आपल्या ओळखीचा झालेला मयकदा, म्हणजे मद्याचे घर, त्यातलाच. घर सांभाळणारी ती कदबानू. तिथून कोणी उदार मनाने घराचे जग केले आणि मालकिणीची राणी केली. भाव वाढवायची ही पद्धत घरांच्या जाहिरातीतही असते. पण व्युत्पत्तीवाल्यांनी या अर्थावर शिक्का मारलेला नाही. शिवाय बुंदहिश्न नावाच्या जुन्या पहलवी ग्रंथात फरीदून राजाच्या भावाचे नाव कतायून आहे. भाऊ! चांगला मिशीवाला. म्हणजे हे नाव पुरुषाचेही होते. आपल्याकडे किरण आणि सुहास अशीच मजल दरमजल करीत इकडून तिकडे जात-येत असतात, त्यामुळे मला हरकत वाटली नाही. पण सूनबाईंनी वहीत ‘राणी’च्या पुढे छोटे प्रश्नचिन्ह काढले.

लोकप्रियतेचे म्हणाल तर इराणात आजही हे नाव आहे; घरात ‘कती’ म्हणतात. कतायून रियाही या नटीने २००८ सालच्या युसुफ पैगंबरावरच्या मालिकेत झुलेखा केली, ती तिथे घराघरांत पाहिली गेली. पण पहिल्या रांगेतले हे नाव नव्हे. तिथे फातिमा आणि जहरा पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहेत. इराणात नागरिकांची नोंदणी सुरू झाली तेव्हा १९१८ साली पहिल्या क्रमांकाचे ओळखपत्र निघाले, तेही फातिमा इराणी या नावाच्या मुलीचे. रांगेत पहिला नंबर लावला तो लावलाच.

आपल्या बाजूला हे नाव आणले पारशांनी. पारशी घरांतून शाहनाम्याचे वाचन चाले, गुजराती भाषांतरे होती, आणि नावे तर त्यातून पोत्याने उचललेली: रुस्तुम, सोहराब, तेहमीना, जाल, फरीदून. त्यातली कतायून, म्हणजे केतायून, मुंबईच्या हवेत आली आणि ग्रँट रोड ते दादर पारशी कॉलनी या प्रवासात तिची केटी झाली. आपण तिला इंग्रजी नाव समजत राहिलो. जिच्याकडे पाहून आपल्याला वाटायचे की हिच्या आईबापांनी साहेबाचे नाव ठेवले, तिचे नाव कदाचित थेट शाहनाम्यातून, कैसराच्या अंतःपुरातून आलेले असायचे. आणि तिच्या सासरचे आडनाव तर आपल्या तोंडात बिस्किटासारखे विरघळले आहे. गुश्तास्पचे राजघराणे म्हणजे कयानी. धोबीतलावच्या १९०४ सालच्या कयानीत बन-मस्का चहात बुडवणारे आणि पुण्यात श्रूजबेरीसाठी कयानीच्या दारात रांग लावणारे आपण सगळे जण इराणच्या पौराणिक सम्राटांचे नाव रोज घेत असतो. फक्त ‘अर्धा किलो’ हे शब्द त्याला जोडून येतात.

मुंबईचे इराणशी देणेघेणे एवढ्यावर संपत नाही. फारसी भाषेतला पहिला बोलपट तेहरानात नव्हे, मुंबईत निघाला: ‘दुख्तर-ए-लोर’, १९३३, अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत. त्यातल्या नायिकेचे नाव गुलनार, म्हणजे डाळिंबाचे फूल. गोड नाव आहे. पण ‘ग’ मिथुनेत बसत नाही, म्हणून सूनबाईंनी ते तिथल्या तिथे खोडले.

मग नाव घरात जाहीर झाले. त्यांच्या आजेसासूबाईंना जरा कमी ऐकू येते. “कतायून” म्हटल्यावर त्यांनी विचारले, “का? ताई येऊन गेल्या?” कोणत्या ताई, कधी आल्या, चहा दिला का, यावर दहा मिनिटे गेली. घरातल्या काकांनी वेगळाच मोर्चा उघडला. त्यांचे म्हणणे, फारसी नाव आपल्या घरात नको. महाराजांनी फारसी शब्द काढून राज्यव्यवहारकोश करवला, तो काय उगीच? काकांचे आडनाव ‘-नीस’ने संपते. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांतला ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. कोशात दफ्तरे बदलली, पण आडनावे बदलायला कोणी धजले नाही. मी काकांना एवढेच म्हटले, की परंपरेप्रमाणे मालोजीराजांनी आपल्या दोन्ही मुलांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, एक शहाजी आणि एक शरीफजी. काका थोडे थांबले. मग त्यांना तोड सापडली. “तसं नाही वहिनी, हे मूळचं संस्कृतच. कतायून म्हणजे कात्यायनी! तिकडे जाऊन बिघडलं.” एकदा संस्कृत ठरल्यावर काकांचा विरोध मावळला आणि ते नावाचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते झाले. मी त्यांना कैसर, रूम, बायझंटियम यांतले काही सांगितले नाही. डॉन नदीकाठच्या त्या जमातीबद्दल तर अवाक्षर काढले नाही.

खरा अडथळा आला बाळाच्या बापाकडून, ज्याने इतके दिवस “तुम्ही ठरवाल ते” एवढेच म्हटले होते. तो मुंबई विद्यापीठाचा इंजिनियर. लाडाचे नाव केटी होणार, हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. मुंबईच्या कॉलेजांत केटी ही मुलगी नसते, ती लागते. विषय राहिला की केटी. पुढच्या वर्षात बसू देतात, पण मागचा विषय मानेवर घेऊन. एटीकेटी, अलाउड टु कीप टर्म्स, हे तो झोपेतही म्हणू शकतो. गणिताची केटी चार वर्षे त्याच्याबरोबर राहिली, बायकोची आणि त्याची ओळख व्हायच्या आधीपासून. “उद्या मी ऑफिसात सांगू, आज केटीला ताप आहे, केटीला आणायला जायचंय? सगळी बॅच हसेल.” सूनबाई म्हणाल्या, “मग कती म्हणू.” तो म्हणाला, “कती? मार्कं?”

चर्चा चिघळली आणि बारसे नावाशिवायच उरकले. आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात काहीतरी पुटपुटले, ते काय हे ती सांगायला तयार नाही. आपण ‘काव्या’ म्हटले नाही, एवढे शपथेवर सांगते. बापाने मात्र तेवढ्यात कायदा वाचून काढला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मुलाचा जन्म नावाविना नोंदवता येतो. वर्षभरात नाव घातले तर फुकट, त्यानंतर थोडे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. “पंधरा वर्षं आहेत,” तो निश्चिंतपणे म्हणाला. एटीकेटीत वाढलेल्या माणसाला मुदतीचे भय नसते.

तूर्त लसीकरणाच्या कार्डावर मुलीच्या नावाच्या जागी ‘बेबी ऑफ’ असे लिहून पुढे आईचे नाव आहे. दवाखान्याने ते आधार कार्डावरून उतरवून घेतले, म्हणजे माहेरचे. तांदळातले तिथे कोणी विचारलेच नाही, आणि आता घरात चर्चा चालू आहे ती त्याचीच.